कुरळ्या मॅडमचे सरळ केस

माणसाने आगीवर ताबा मिळवला त्या दिवशी मानवजातीचा इतिहास सुरू झाला आणि ज्या दिवशी त्याचं आगीवरचं लक्ष उडेल त्या दिवशी तो संपेल, असं बंबसाहेबांचं ठाम मत होतं. अग्निशमन दलात असताना हे मत त्यांनी शाळांमध्ये, कारखान्यांमध्ये आणि एकदा तर चक्क पोहण्याच्या तलावाच्या उद्घाटनालाही ठणकावून मांडलं होतं. निवृत्तीनंतर श्रोते पांगले, पण मत शाबूत राहिलं. त्या दुपारी मात्र हेच बंबसाहेब स्वतःच्या घरात, झोपायच्या खोलीत, आरशासमोर बसलेल्या बायकोच्या मागे, केस कुरळे करायचा विजेचा चिमटा हातात धरून उभे होते.

"प्लग लावा," बायको आरशातून म्हणाली.

बंबसाहेबांनी प्लग लावला. सगळ्या कामात एवढं एकच त्यांना नीट येत होतं.

बंबसाहेबांची बायको एका मोठ्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. गावभर तिला कुरळ्या मॅडम म्हणत. "कुरळ्या मॅडमच्या खिडकीला जा, काम होईल," असं दारावरचा पहारेकरीसुद्धा सांगायचा. खांद्यापर्यंत उतरलेल्या त्या लाटा, मान हलवली की हलणाऱ्या, बोलणं थांबलं तरी क्षणभर डुलत राहणाऱ्या. लोकांना वाटे, जन्मजात आहेत. प्रत्यक्षात तिचे केस पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. हे गुपित जगात तिघांनाच ठाऊक होतं: नवऱ्याला, लेकीला आणि चिमट्याला.

आज संध्याकाळी तिचा निरोप समारंभ होता. आणि पडदे काढताना स्टुलावरून घसरून तिने उजवं मनगट मोडून घेतलेलं होतं. बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत प्लास्टर.

"केस झाले तर जाईन," तिने सकाळीच जाहीर केलं होतं. "नाहीतर त्यांना म्हणावं, निरोप टपालाने पाठवा."

"अगं, पार्लरवालीला बोलवू की."

"तिची नणंद आमच्या एक्स-रेमध्ये आहे. मी हॉलमध्ये पोचायच्या आत सगळ्या मजल्यांवर बातमी जाईल. आणि पार्लरवाली कशाला हवीय? तुम्ही आहात ना. इतकी वर्षं रोज सकाळी दारात उभे राहून बघताय. तुम्हाला काय शिकवायचंय?"

 

बायको म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती आरशासमोर बसली की बंबसाहेब चहाचा कप घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत आणि तिचं आवरून होईपर्यंत हलत नसत. फक्त ते बघत होते तो प्लग.

तापलेली नळी, शेजारी पावडरचा डबा, वर नायलॉनचा पडदा आणि घाईत असलेली बाई. बंबसाहेबांच्या दृष्टीने ते प्रसाधन नव्हतं, ती घटनास्थळ होण्याच्या तयारीत असलेली जागा होती. ती उठायची, प्लग काढायची, आणि मगच ते चौकट सोडायचे. त्या प्लगबद्दल त्यांना काहीही विचारावं. त्याचा एक पाय किंचित काळवंडलेला आहे, वायर मुठीपाशी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे, बटणावरचा लाल ठिपका पुसट झालाय. पण बायको भांग कुठल्या बाजूला पाडते, हे त्यांना सांगता आलं नसतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने आरशातून विचारलं होतं, "काय बघताय?"

तू घर पेटवशील अशी मला शंका आहे, हे उत्तर नव्या संसाराला मानवणारं नव्हतं. म्हणून ते म्हणाले होते, "काही नाही. असंच."

ती लाजली होती. ती का लाजली हे बंबसाहेबांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आलं तोवर गोष्ट इस्पितळात पोचली होती. "आमचे हे रोज दारात उभे राहतात बाई. माझे केस बघायला." त्यावर बायकांनी उसासे टाकले. घरोघरच्या नवऱ्यांना बोलणी बसली. एका डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनी तर बंबसाहेबांशी बोलणंच टाकलं. काल अधीक्षकांचा फोन आला होता. "साहेब, तुम्हीही दोन शब्द बोला. आमच्या मॅडमबद्दल. त्या दाराबद्दल! सगळ्यांना ऐकायचंय."

जळत्या गोदामाच्या जिन्यावर बंबसाहेब न डगमगता चढले होते. गोदामाने त्यांना कधी काही विचारलं नव्हतं, हा फरक होता.

"हे काय?" बायकोने विचारलं. ती पायाशी बघत होती. तिथे वाळूची बादली होती. शेजारी पाण्याची बादली. खुर्चीच्या पाठीवर भिजवलेलं ब्लँकेट.

"खबरदारी."

"माझे केस करताय की मला विझवताय?"

बंबसाहेब उत्तर न देता फवारणीची बाटली घेऊन पुढे सरसावले. उष्णतेशी गाठ असेल तर आधी भिजवून घ्यायचं, हा त्यांच्या खात्याचा पहिला धडा. त्यांनी पहिला फवारा मारला तशी बायको खुर्चीतच उडाली.

"अहो! ओल्या केसांना तापलेली नळी लावतात का? केस शिजतील! मी कधी ओले करते का?"

"छे छे! कधीच नाही," बंबसाहेब घाईघाईने म्हणाले. "मी आपलं... धूळ बसली होती."

"केसांवर?"

बायकोने आरशातून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.  पंख्याखाली बसून ओली झालेली बाजू वाळवण्यात थोडा वेळ गेला. तो त्यांना सुट्टीसारखा वाटला.

"आता कागदावर बघा," ती म्हणाली.

हे मात्र त्यांना मनापासून आवडलं. चाचणी! पांढरा कागद दुमडून त्यांनी चिमट्याच्या जिभेखाली धरला. कागद डोळ्यांदेखत तांबूस झाला आणि करपल्याचा वास आला. हा कागद म्हणजे तिची मान असती तर? तिचा कान असता तर? 

"फार तापलंय. चकती फिरवा."

"चकती?"

"मुठीपाशी नाही का! रोज तर फिरवते."

"हां, ती चकती," बंबसाहेब म्हणाले. चिमट्याला चकती असते हे त्यांना त्या क्षणी कळलं. प्लगपासून हातभर अंतरावरचं सगळं जग त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

"आणि भांग पाडा. नेहमीचा."

कंगवा बंबसाहेबांच्या हातात थिजला. नेहमीचा म्हणजे कुठला? त्यांनी हळूच भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. दोघांचा फोटो, थंड हवेच्या ठिकाणी काढलेला. बायकोने डोक्याला घट्ट स्कार्फ बांधला होता. जगातली एवढी ठिकाणं सोडून आपण थंड हवेच्या ठिकाणीच का गेलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. दूरच्या शहरात राहणारी लेक पडद्यावर उगवली.

"बाबा! खरंच तुम्ही करताय? थांबा, मला बघू दे. अगं आई, बसलीयेस कशी, फाशी जाणाऱ्यासारखी!"

"फाशी देणारा बघ आधी," आई म्हणाली. "त्याचेच हात कापतायत."

"बाबा, नीट ऐका. वरचे केस क्लिपने वर बांधून टाका, खालून सुरुवात करा. भांग डावीकडेच ना आईचा?"

"डावीकडे!" बंबसाहेब एवढ्या जोरात म्हणाले की फोन पडता पडता राहिला. "अर्थात डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?" बायकोने शांतपणे विचारलं.

लेकीने ते ऐकलं नाही. ती सांगत सुटली होती. "पेन्सिलीएवढी बट घ्या, जाड नको. चिमटा उभा धरा. मुळापासून नाही, मधून गुंडाळायचं, टोक बाहेर ठेवायचं. चेहऱ्यापासून लांब वळवा. मनातल्या मनात दहा मोजा. मग ओढू नका, उलगडा. उलगडलेली बट थोडा वेळ तळव्यात धरा, गार होईपर्यंत. गरम असताना कंगवा लावलात तर सगळं मुसळ केरात. कळलं? बाबा, श्वास घ्या. मला मीटिंग आहे, ठेवते!"

पडदा काळा झाला. खोलीत फक्त तापलेल्या नळीचा वास उरला.

बंबसाहेबांनी एक बट उचलली. डोळे बारीक केले. नळी जवळ नेली. तिच्या गालाच्या इतक्या जवळ इतकं तापलेलं काही आणायचा प्रसंग त्यांच्यावर आयुष्यात आला नव्हता. आणला असता कुणी, तर त्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. जीव मुठीत धरून त्यांनी बट गुंडाळली आणि मोजायला सुरुवात केली.

"एकदोनतीनचारपाचसहासातआठनऊदहा."

बट जशी गेली तशी बाहेर आली. टोकाला फक्त जराशी मान वाकवून.

"हे दहा झाले?" बायको म्हणाली. "बँकेत असता तर लोक रांगेत उभेच राहिले नसते. सावकाश."

दुसऱ्या बटेला ते सावकाश मोजत राहिले. पाचाला त्यांना करपल्याचा भास झाला, साताला धूर दिसला. नव्हताच, पण दिसला. दहा म्हणताच त्यांनी चिमटा उलगडला. वेटोळं छान पडलं होतं. घट्ट, चमकदार. फक्त ते आतल्या बाजूला वळलं होतं आणि बायकोच्या गालावर प्रश्नचिन्हासारखं येऊन टेकलं होतं.

तिने ते प्रश्नचिन्ह आरशात बघितलं. मग दाराकडे बघितलं, त्या रिकाम्या चौकटीकडे. मग पुन्हा आरशात, त्यांच्याकडे.

"माझा एक तरी केस कधी आत वळलेला बघितलात?"

बंबसाहेबांनी चिमटा या हातातून त्या हातात घेतला.

"भांग माहीत नाही. चकती माहीत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, आणि भीती त्याचीच होती. "इतकी वर्षं तिथे उभे राहून काय बघत होता तुम्ही?"

छप्पर कोसळायच्या आधी एक विशिष्ट शांतता असते, ती बंबसाहेबांच्या ओळखीची होती. अशा वेळी मागे फिरायचं असतं. पण मागे कपाट होतं.

"प्लग," ते म्हणाले.

"काय?"

"प्लग बघत होतो. काढतेस की नाही ते."

"रोज?"

"रोज."

 टाकून बोलली असती, रडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने फक्त गालावरचं वेटोळं बोटाने मागे सारलं. ते परत पुढे आलं.

"आणि मी इस्पितळभर सांगत बसले," ती शेवटी म्हणाली. "तिथल्या पोरींना सांगितलं, असा नवरा बघा म्हणून. एकीने त्यापायी एक स्थळ नाकारलं."

"अगं, पण तुझ्या काळजीपोटीच..."

"माझ्या की पडद्यांच्या?" तिने डावा हात पुढे केला. "द्या इकडे ते. मी माझं करते."

"डाव्या हाताने? वेडी आहेस का?"

"द्या म्हणते ना!"

तिने त्यांच्या हातातून चिमटा ओढूनच घेतला. मागची एक बट कशीबशी जिभेत पकडली आणि आरशात बघत मनगट फिरवलं. आरशात उजवं डावं होतं, डावं उजवं होतं, आणि हात तर मुळातच चुकीचा होता. नळी फिरली ती थेट मानेकडे.

बंबसाहेबांनी विचार केला नाही. विचार करायला वेळ लागतो, आणि नळी मानेपासून बोटभरही लांब नव्हती. त्यांनी हात घातला आणि तापलेली नळी पकडली. मुठीकडून नव्हे. नळीच.

नव्या भरतीतला पोरगासुद्धा करणार नाही अशी चूक त्यांनी केली, आणि मग भरती झालेल्या पोरासारखेच ते ओरडले.

"अहो! सोडा! सोडा आधी!" तिने चिमटा त्याच्या स्टँडवर टाकला, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना फरफटत न्हाणीघरात नेलं. नळाखाली हात. पाणी वाहत राहिलं. तिचा प्लास्टरमधला हात वर धरलेला, डावा त्यांच्या मनगटावर.

"शेजारी पाण्याची बादली भरून ठेवलीत," ती म्हणाली, "आणि इथे आलो आपण."

"लक्षातच आलं नाही."

"दाखवा. बघू." बोटांच्या पेरांवर लाल पट्टे उठले होते. तिने त्यावर फुंकर घातली. "दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलायची सवयच लागलीय तुम्हाला."

पण हे म्हणताना तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, हे बंबसाहेबांनी बघितलं. आपण बघितलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

बोटांना ओलं फडकं गुंडाळून ते परत आले. खिडकीबाहेर उन्हं उतरू लागली होती. इस्पितळाची गाडी यायची वेळ होत आली होती. एक प्रश्नचिन्ह आणि एक वाकलेली मान सोडली तर सगळे केस जसेच्या तसे सरळ होते. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यांचा फडक्यात.

"दोघांत मिळून एक उजवा हात नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "डावे मात्र दोन आहेत. चला. मी बट धरते, तुम्ही फिरवा. मी सांगते तसं."

चिमटा तयारच होता. बंबसाहेबांनी तो डाव्या हातात घेतला. भीती गेली नव्हती, पण आता तिला दुसरं काम मिळालं होतं. चुकू नये म्हणून त्यांना बघावं लागत होतं. ते बघू लागले.

"उभा धरा. हां. बाहेर, चेहऱ्यापासून लांब. आता मोजा. माणसासारखं."

त्यांनी माणसासारखं मोजलं. बट उलगडून तिच्या तळव्यात उतरली आणि तिथे गार होत राहिली. दुसरी उतरली, मग तिसरी. केसांच्या मुळाशी रंग संपून पांढरी रेघ सुरू होते हे त्यांना दिसलं. मानेवरचे केस बाकीच्यांपेक्षा बारीक आहेत, लहान मुलाच्या केसांसारखे, हेही दिसलं. भांग उजवीकडे होता. तिच्या उजवीकडे. आणि कानामागे एक जुना, पांढुरका, आडवा व्रण होता, नळीच्या रुंदीचा.

"हे कधी झालं?"

"फार वर्षं झाली. लेक रांगत होती तेव्हा."

"मला कसं कळलं नाही?"

"कळलं असतं तर तुम्ही मशीन फेकून दिलं असतं. ओरडलेसुद्धा नाही मी." ती थोडी थांबली. "तुम्ही तिथेच उभे होतात. दारात."

बंबसाहेबांचा हात थांबला. प्रत्यक्ष आग लागली होती तेव्हा आपण प्लग राखत उभे होतो. 

"मोजणं चालू ठेवा," ती म्हणाली. "केस जळतील."

ते मोजत राहिले. क्लिपा सुटत गेल्या. शेवटची बट गार झाल्यावर तिने डाव्या हाताची बोटं केसांतून अलगद फिरवली, आणि वेटोळी मोकळी होऊन लाटा झाल्या. एका बाजूच्या जरा जास्त उंच होत्या आणि मागे एक बट सरळच राहिली होती, पण आरशात कुरळ्या मॅडम बसल्या होत्या.

"तिथे बोलायला लावतील तुम्हाला," ती म्हणाली. "काय सांगणार आहात?"

"सांगेन, केस बघत होतो."

"खोटं?"

"आज बघितले की."

 खालून हॉर्न वाजला. मग धांदल उडाली. पर्स, औषधाची गोळी, त्यांच्या कोटाची बाही फडक्यात अडकली ती सोडवणं. दार ओढून घेऊन दोघं जिना उतरले.

गाडीत पुढच्या सीटवर नेमकी पार्लरवालीची ती एक्स-रेवाली नणंद बसली होती. तिने मागे वळून कुरळ्या मॅडमना न्याहाळलं. कपाळ, कान, मान, टोकं. फोटो काढून झाल्यासारखी ती हसली.

"मॅडम, हात मोडला तरी केस तस्सेच! कमाल आहे. साहेब, आजही दारात उभे होतात ना?"

"आज जरा आत आलो होतो," बंबसाहेब म्हणाले.

बायको खिडकीबाहेर बघत हसू दाबू लागली. तिच्या लाटा हलल्या आणि हसू थांबल्यावरही क्षणभर डुलत राहिल्या. बंबसाहेब बघत होते. त्यांना वाटलं, हे आपण रोज बघू शकलो असतो. रोज सकाळी, फुकट. चालकाने किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं.

आणि बंबसाहेबांनी मान वळवून वर घराकडे बघितलं.

त्यांनी सगळं आठवून बघितलं. शेवटची बट आठवली. तिची बोटं आठवली. मुळाशी पांढरी रेघ, कानामागचा व्रण, उजवीकडचा भांग, सगळं लख्ख आठवत होतं. प्लग आठवत नव्हता. काळवंडलेला पाय, चिकटपट्टी, पुसट लाल ठिपका, काही म्हणता काही डोळ्यांसमोर येईना. तिने काढला? त्यांनी काढला? नळी, पावडरचा डबा, वर नायलॉनचा पडदा.  मानवजातीचा इतिहास वरच्या मजल्यावर, बंद दाराआड, हळूहळू तापत होता.

त्यांनी डाव्या हाताने गाडीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"अहो," बायको आपल्या केसांवरून हात फिरवत, शांतपणे म्हणाली, "वर जाताच आहात, तर येताना माझा रुमाल आणा. खिडकीत वाळत घातलाय."